बोटाएवढा अग्नी

मनुष्याने अग्नीला अनेक रूपांत पाहिले आणि अनेक ठिकाणी कामाला लावले. चुलीत त्याला बसवले, समईत उभे केले, भट्टीत कोंडले. या सर्व रूपांमध्ये मला सर्वांत नवलाचे वाटणारे रूप अगदी लहान आहे. जाड कागद गुंडाळून केलेली एक नळी. लांबी ७० मिलिमीटर, जाडी १८ मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ बोटाएवढी. तिच्या एका टोकाला घट्ट दाबलेल्या मातीची बारीक तोटी असते. तोटीच्या वर काही ग्रॅम बंदुकीची दारू ठासलेली असते. त्यावर सावकाश जळणाऱ्या मिश्रणाचा एक थर, त्यावर चिमूटभर सैल दारू आणि शेवटी मातीचे पातळ बूच. मुलांनी हौसेने उडवायच्या छोट्या अग्निबाणाची ही मोटर. आपल्या भाषेत ‘मोटार’ म्हटले की चार चाकांची गाडी डोळ्यांसमोर येते. या मोटरीला एकही चाक नाही, किंबहुना हलणारा एकही भाग नाही. तरीही ती पुठ्ठ्याच्या हलक्या अग्निबाणाला शेकडो फूट उंच नेते.

तिचे कार्य सांगायला सोपे आहे. विजेच्या तारेने ठिणगी दिली की दारू एक-दोन सेकंदांत जळून जाते. तापलेला वायू तोटीतून वेगाने खाली फेकला जातो आणि अग्निबाण वर झेपावतो. दारू संपल्यावर वरचा सावकाश जळणारा थर पेट घेतो. या काळात अग्निबाण मिळालेल्या वेगाने चढत राहतो व मागे धुराची रेघ सोडतो. तो थर संपतो तेव्हा वरची सैल दारू भुसकन पेटते, मातीचे बूच फुटते, अग्निबाणाचे टोक सुटते आणि आत घडी करून ठेवलेली हवाई छत्री उघडते. अग्निबाण डुलत डुलत खाली येतो. रिकामी, काळवंडलेली नळी काढून टाकायची, नवी बसवायची आणि तोच अग्निबाण पुन्हा उडवायचा. अग्निबाण टिकतो, मोटर मात्र एकदाच जगते.

आपल्याला हे तत्त्व अपरिचित नाही. दिवाळीतला भुईनळा हा मातीचाच, अरुंद तोंडाचा. बाटलीत उभा करून उडवायच्या बाणातही सोरा, गंधक आणि कोळसा यांचेच मिश्रण असते. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘बाण’ हा शब्द युद्धातल्या अग्निबाणासाठीही येतो. हैदर आणि टिपू यांच्या सैन्यातील लोखंडी नळीचे बाण इंग्रजांनी इतक्या धास्तीने पाहिले, की श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईनंतर इंग्लंडात विल्यम काँग्रीव्ह यांनी त्याच धर्तीचे अग्निबाण तयार केले. परंतु फटाक्याचा बाण कोठे जाईल याचा भरवसा नसतो आणि तो परतही येत नाही. ही मोटर मात्र मोजूनमापून केलेली असते. तिच्यावर ‘ए८-३’ असे काहीतरी छापलेले असते. भाषेच्या विद्यार्थिनीला हा संकेत एखाद्या सूत्रासारखा वाटतो. अक्षर सांगते एकूण आवेग: ‘ए’ म्हणजे जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, ‘बी’ म्हणजे पाच, ‘सी’ म्हणजे दहा, प्रत्येक अक्षरागणिक मर्यादा दुप्पट. पहिला अंक सांगतो सरासरी रेटा किती न्यूटन आणि शेवटचा अंक सांगतो दारू संपल्यावर किती सेकंदांनी छत्री उघडेल. इतक्या थोड्या अक्षरांत इतके स्पष्ट वचन देणाऱ्या वस्तू फार थोड्या असतात, आणि दिलेले वचन पाळणाऱ्या त्याहून थोड्या.

हे वचन देण्याची गरज का निर्माण झाली, तो इतिहास जाणून घेण्यासारखा आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुतनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेतील मुलांच्या मनात आकाशाने घर केले. गावोगावी मुले गॅरेजमध्ये, तळघरात अग्निबाण करू लागली. लोखंडी नळ्या, काड्यापेटीतील काड्यांची डोकी, शेतीसाठीची वा बागेसाठीची रसायने, हाताला मिळेल ते ती ठासून भरू लागली. त्यांतील अनेक अग्निबाण आकाशात गेलेच नाहीत. ते हातातच फुटले. कोणाची बोटे गेली, कोणाचे डोळे गेले, काहींचे प्राणही गेले. ज्ञानाची तहान खरी होती. पण ती भागवायला स्वच्छ पाणी उपलब्ध नव्हते.

त्यावरचा उपाय एका चपलाबुटांच्या दुकानदाराने आधीच शोधून ठेवला होता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे दुकान होते आणि शोभेच्या दारूकामाचा त्यांना छंद होता. त्यांच्या भावाला विमानांच्या प्रतिकृती उडवण्याची आवड होती. या दोन छंदांच्या संगमातून १९५४ मध्ये कार्लाइल यांनी एक हलका अग्निबाण तयार केला. त्यात बदलता येणारी कागदी मोटर होती आणि परतीसाठी हवाई छत्री होती. पुढे १९५७ च्या आरंभी जी. हॅरी स्टाइन या अग्निबाण-अभियंत्याचा एक लेख ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकात आला. मोठ्या अग्निबाणांच्या चाचणीक्षेत्रावर अपघात टाळण्यासाठी किती काटेकोर नियम पाळतात, हे त्यात सांगितले होते. तो वाचून कार्लाइल यांनी स्टाइन यांना पत्र लिहिले आणि आपले नमुने पाठवले. अपघाती मुलांच्या बातम्या स्टाइन यांच्या कानांवर येतच होत्या. या नमुन्यांत उत्तर आहे हे त्यांनी ओळखले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: मुलांना आकाशाकडे पाहू नका असे सांगून ती ऐकणार नाहीत, म्हणून त्यांच्या हातातून दारू काढून घ्या आणि तयार, तपासलेली मोटर त्यांच्या हाती द्या.

मग प्रश्न आला तो उत्पादनाचा. हाताने केलेल्या मोटरी मागणीला पुरेनात, आणि एकीचा रेटा दुसरीसारखा नसे. स्टाइन यांनी डेन्व्हरमधील फटाक्यांच्या व्यवसायातील एका कुटुंबाचा शोध घेतला. त्या कुटुंबातील व्हर्न एस्टीस या तरुणाने एक स्वयंचलित यंत्र रचले. त्याचे नाव त्यांनी ‘मेबल’ ठेवले. हे यंत्र १९५९ पासून चालू झाले आणि सुमारे साडेपाच सेकंदांना एक मोटर तयार करू लागले. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, एस्टीस यांनी आपला कारखाना कोलोरॅडोतील पेनरोज या लहानशा गावी मोकळ्या माळावर हलवला. विचार केला तर लक्षात येते, की या छंदाचा खरा पाया अग्निबाण नसून हे यंत्र आहे. पुठ्ठ्याचा अग्निबाण कोणीही करू शकतो. एकसारखी, विश्वासाची मोटर मात्र कोणीही करू शकत नाही आणि कोणी घरी करूही नये.

हा विषय माझ्यापर्यंत पोचला तो कौटुंबिक वाटेने. माझा भाचा नोकरीनिमित्त कोलोरॅडोत राहतो. २०२२ च्या उन्हाळ्यात काही आठवडे मी त्याच्याकडे होते. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला हा छंद जडलेला. तिने दोन संध्याकाळी बसून पुठ्ठ्याची नळी चिकटवली, पातळ लाकडाचे पंख घासून गुळगुळीत केले आणि मला एका दुकानात नेले. दुकानात अग्निबाणांचे संच रंगीबेरंगी खोक्यांत छतापर्यंत रचलेले होते. मोटरींची फळी मात्र जवळजवळ मोकळी होती. दुकानदार समजुतीच्या स्वरात म्हणाला, की माल येतो आणि आल्या दिवशीच संपतो. पुढचा केव्हा येईल ते सांगता येत नाही. शेवटी एका कोपऱ्यात तीन मोटरींचे एक पाकीट सापडले. ते पाकीट हातात धरून ती मला म्हणाली, “मावशीआजी, रॉकेट तर मी कितीही बनवीन गं. पण यांनी या करायच्या थांबवल्या तर?”

तीन मोटरी म्हणजे तीन उड्डाणे. शनिवारी सकाळी एका मैदानावर तिने ती केली. नियम तिला तोंडपाठ होते. अग्निबाण सळईवर सरळ उभा आहे ना, आकाशात विमान नाही ना, वारा फार नाही ना, हे तिने पाहिले. तार ओढत पंधरा पावलांवर नेली, मला आणि आपल्या वडिलांना तिच्याही मागे उभे केले आणि मोठ्याने उलटे आकडे म्हणून बटण दाबले. पहिल्या खेपेला अग्निबाण वाकडा गेला. तिने तो उचलून आणला, पंख तपासले, टोकात थोडे वजन भरले. दुसऱ्या खेपेला तो सरळ गेला. तिसरी मोटर तिने बराच वेळ हातात धरून ठेवली. शिल्लक एकच असल्यामुळे तिला आता घाई करायची नव्हती.

तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले तेव्हा मला प्रथम बंदुकीच्या दारूकडे जावे लागले. सुमारे हजार वर्षे जगाने हेच एक स्फोटक ओळखले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणींसाठी डायनामाइट आले, बंदुकांसाठी धूररहित दारू आली आणि जुन्या काळ्या दारूचे गिऱ्हाईक आटत गेले. आज ती लागते शोभेच्या दारूकामाला, जुन्या पद्धतीच्या बंदुका हौसेने वापरणाऱ्यांना, तोफांच्या काही प्रज्वलकांना आणि या बोटाएवढ्या मोटरींना. गिऱ्हाईक कमी झाले, पण दारू करण्यातला धोका कमी झाला नाही. अमेरिकेतील ड्यू पाँ घराण्याने १८०२ मध्ये डेलावेअरमधील ब्रँडीवाइन नदीकाठी दारूच्या गिरण्या उभारल्या. त्या प्रत्येक गिरणीला तीन भिंती जाड दगडाच्या होत्या आणि नदीकडची चौथी बाजू मुद्दाम हलकी ठेवलेली होती. स्फोट झाला तर तो नदीच्या दिशेने जावा आणि शेजारची गिरणी वाचावी, हा हेतू. स्फोट होणारच, असे गृहीत धरून बांधलेली ती वास्तू आहे. १९२१ मध्ये तो कारखाना बंद होईपर्यंत तेथे दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

त्याच घराण्याचा दारूचा आणखी एक कारखाना पेनसिल्व्हेनियातील मूसिक येथे होता. तो पुढे हस्तांतरित झाला, ‘गोएक्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस लुइझियानातील मिंडेन येथे गेला. कालांतराने अमेरिकेत काळी दारू करणारा तेवढा एकच कारखाना उरला. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या तेव्हाच्या मालकांनी तो बंद करण्याचे जाहीर केले. ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही आपल्याकडील म्हण येथे अक्षरशः खरी ठरण्याची वेळ आली होती. पेनरोजची यंत्रे शाबूत होती, कागद होता, माती होती, मुलांची मागणीही होती; परंतु ठासायला दारूच मिळाली नसती तर काय करणार? तेव्हा एस्टीस कंपनीने २०२२ मध्ये तो दारूचा कारखानाच विकत घेतला आणि उत्पादन पुन्हा सुरू केले. कुंभाराला माती मिळेना म्हणून त्याने मातीची खाणच घ्यावी, तसा हा प्रकार. कंपनीची मालकीही त्याआधी अनेकदा बदलली होती. तिच्या पूर्वीच्या मालक कंपनीचे २०१८ मध्ये दिवाळे निघाले तेव्हा लँगफर्ड कुटुंबाने ती घेतली. या कुटुंबातील जॉन लँगफर्ड विमान-अभियंते. लहानपणापासून या छंदाचे भोक्ते. ज्याने बालपणी या मोटरी उडवल्या, त्यानेच त्या पुढच्या मुलांसाठी राखाव्यात, यात मला एक प्रकारची ऋणफेड दिसते. परंतु ऋणफेडीच्या भावनेवर एखादा उद्योग किती पिढ्या चालेल, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

मोठ्या अग्निबाणांसाठी काळी दारू पुरी पडत नाही. तेथे अमोनियम परक्लोरेट आणि रबरासारखे बंधक यांचे घन इंधन वापरतात. अमेरिकेच्या अंतराळयानांच्या मोठ्या बूस्टरांमध्ये आणि आपल्या पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातही याच कुळातले इंधन असते. १९८० च्या दशकात गॅरी रोझेनफील्ड यांच्या एरोटेक कंपनीने हे इंधन हौशी लोकांच्या आवाक्यात आणले. परंतु त्याचा पुरवठाही अशाच बारीक धाग्यावर लोंबकळत आलेला आहे. ४ मे १९८८ रोजी नेव्हाडातील हेंडरसन येथे अमोनियम परक्लोरेटचा कारखाना स्फोटात नष्ट झाला. दोन माणसे ठार झाली, तीनशेहून अधिक जखमी झाली. त्या वेळी संपूर्ण अमेरिकेत हे रसायन करणारे कारखाने दोनच होते आणि पुढे तर दीर्घकाळ एकच उत्पादक राहिला. ऑक्टोबर २००१ मध्ये एरोटेकचा लास वेगासमधील कारखाना आगीत भस्मसात झाला. कंपनी नंतर यूटामधील सीडर सिटी येथे नव्याने उभी राहिली. ज्या रसायनासाठी क्षेपणास्त्रे करणारी मोठी गिऱ्हाइके उभी आहेत, तेथे हौशी माणसाचा नंबर रांगेत शेवटचा लागणार, हे उघड आहे.

या इतिहासातील एक प्रकरण मला विशेष जवळचे वाटते, कारण ते एका शब्दाच्या अर्थावरून लढले गेले. हे घन इंधन ‘स्फोटक’ आहे असे ठरवून अमेरिकेच्या सरकारी खात्याने त्याच्यावर स्फोटकांचे निर्बंध लादले होते. परवाना, साठवणुकीची कोठारे, तपासण्या. लहान माणसाला हे सारे न झेपणारे. हौशी लोकांच्या दोन राष्ट्रीय संघटना २००० मध्ये न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे असे, की हे इंधन जळते. ते फुटत नाही. जळणे आणि फुटणे यांत वेगाचे अंतर आहे आणि ते मोजता येते. नऊ वर्षे वाद चालला. मार्च २००९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की खात्याला आपले वर्गीकरण पुराव्याने सिद्ध करता आलेले नाही. आणि ते इंधन स्फोटकांच्या यादीतून निघाले. शब्दांचे काटेकोर अर्थ लावणे हे केवळ कोशकाराचे काम आहे, असे समजणाऱ्यांनी हा खटला अवश्य पाहावा. एका व्याख्येवर एक छोटा उद्योग जगला.

यावर कोणी विचारील, की एवढा खटाटोप कशासाठी? दुसरा मार्ग नाही काय? विमानांच्या प्रतिकृतींचा छंद विजेवर गेलाच की! एके काळी त्यांना इंधनावर चालणारी, कर्णकर्कश आवाज करणारी छोटी इंजिने लागत. आता विजेरी आणि विद्युत मोटर ते काम शांतपणे करते. विमानाला हवा मागे ढकलून पुढे जाता येते, म्हणून ते शक्य झाले. अग्निबाणाचे तसे नाही. त्याला स्वतःजवळचे काहीतरी वेगाने फेकून द्यावे लागते. दिल्याशिवाय त्याला उंची मिळत नाही. हा न्यूटनचा नियम आहे आणि त्यात सवलत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून सायकलच्या पंपाने हवा दाबली तर पाण्याचा अग्निबाण उडतो. तो शिकण्यासाठी उत्तम आहे, जपून उडवला तर बऱ्याच अंशी सुरक्षित आहे आणि आपल्याकडील कोणत्याही शाळेला परवडणारा आहे. परंतु धुराची रेघ, मोजलेला विलंब, अक्षर-अंकांतून अचूक निवड हे सारे त्याला साधत नाही. पडद्यावर अग्निबाण उडवणारे संगणकीय कार्यक्रमही आहेत. ते गणित शिकवतात. पण पडद्यावरचा अग्निबाण झाडावर अडकत नाही आणि वाऱ्याने भरकटत नाही, म्हणून तो नम्रता शिकवत नाही.

अमेरिकेत २००३ पासून विद्यार्थ्यांची एक राष्ट्रीय अग्निबाण स्पर्धा भरते. तिच्यात अग्निबाणातून कोंबडीचे कच्चे अंडे पाठवायचे असते. ठरलेल्या उंचीपर्यंत जायचे, ठरलेल्या वेळात परतायचे आणि अंडे फुटू द्यायचे नाही. मला ही कल्पना फार अर्थपूर्ण वाटते. आग आणि अंडे एकाच नळीत! सामर्थ्य वापरायचे, पण नाजूक वस्तूला धक्का लागू द्यायचा नाही, हा संस्कार याहून सोप्या रीतीने कसा देता येईल?

तरीही एक गोष्ट मनाला टोचत राहते आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मुलाच्या हातातला धोका नाहीसा झालेला नाही. तो फक्त दुसरीकडे नेऊन ठेवला आहे. तो आता लांबच्या माळावरच्या एखाद्या शेडमध्ये, दारू दळणाऱ्या वा मोटर ठासणाऱ्या कामगाराच्या वाट्याला आला आहे. आपल्या देशातही शिवकाशीच्या परिसरातील फटाक्यांच्या कारखान्यांतील अपघातांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. आनंद एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ही वाटणी असते. म्हणून या उद्योगाचे भवितव्य केवळ नफ्यातोट्याच्या वहीत पाहून चालणार नाही. यंत्राजवळ माणूस किती कमी वेळ उभा राहतो, एका शेडमध्ये दारू किती थोडी ठेवली जाते, कामगाराला किती प्रशिक्षण आणि किती वेतन मिळते, यांवरही ते ठरले पाहिजे. ‘मेबल’सारख्या यंत्राचे मोठेपण मला वेगापेक्षा यात अधिक वाटते, की माणसाच्या बोटांनी करावयाचे एक धोक्याचे काम तिने स्वतःवर घेतले.

मग हा बोटाएवढा अग्नी पुढे राहील काय? भविष्य सांगण्याचा माझा अधिकार नाही; परंतु कोणत्या गोष्टींवर ते अवलंबून आहे हे आता दिसते. दारू करणारे कारखाने एकाचे दोन होतील काय. कायदा जळण्यातला आणि फुटण्यातला फरक ओळखत राहील काय. थोडा नफा आणि मोठी जबाबदारी असलेला धंदा पत्करणारी माणसे मिळत राहतील काय. आणि आपल्या मुलाच्या हातातील मोटर स्वस्त असण्यापेक्षा ती करणारा माणूस संध्याकाळी सुखरूप घरी जावा, याची किंमत मोजायला पालक तयार होतील काय? यांपैकी पहिले तीन प्रश्न कारखानदार, शासन आणि न्यायालये यांचे आहेत. चौथा सर्वांचा आहे.

आपल्या देशातही आता विद्यार्थ्यांच्या अग्निबाण-स्पर्धा होऊ लागल्या आहेत. येथे स्फोटक पदार्थ करण्यावर १८८४ च्या कायद्याचे नियंत्रण आहे. परवान्याशिवाय कोणी असा प्रयत्न करणे हा गुन्हा आहे आणि अविचारही आहे. परंतु नुसत्या मनाईने कुतूहल विझत नाही, हे १९५७ नंतरच्या अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शिकून ठेवले आहे. ज्या समाजाला आपल्या मुलांनी आकाशाकडे पाहावे असे वाटते, त्याने त्यांच्यासाठी दोन गोष्टी सिद्ध ठेवल्या पाहिजेत: मोकळे मैदान आणि भरवशाची मोटर. मैदान निसर्ग देतो. मोटर मात्र कोणीतरी, कोठेतरी, पूर्ण लक्ष देऊन करावी लागते. आकाशात चढणारी धुराची रेघ पाहताना मुलांनी टाळ्या अवश्य वाजवाव्यात. त्या टाळ्यांपैकी एक, कधीही न दिसणाऱ्या त्या कामगारासाठी असावी.